पानांचे आकडे आणि धारवाल्यांचा पाय

तीर्थरूप मामांच्या पायांशी भाचीचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसून जेवढा घालता येतो तेवढा, उरलेला समक्ष). मामींना वेगळा नमस्कार, नाहीतर त्या म्हणतील की यांच्या नमस्कारात मला अस्तरासारखं आत शिवून टाकलं.

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. तुमचा उजवा गुडघा मशीन चालवताना दुखतो आणि डावा जिना चढताना, हे वाचून वाईट वाटलं. पण दोघांनी कामं वाटून घेतली आहेत, हेही काही कमी नाही. मामींचा चष्मा सापडला का? (मागच्या वेळी तो बटणांच्या डब्यात निघाला होता, तेव्हा आधी तिथे बघा.) धाकटीच्या लग्नाची तारीख ठरली हे वाचून मी ऑफिसात उभी राहिले आणि जो कोणी हजर होता त्याला सांगितलं. लेकीचे लग्नाचे कपडे तुम्ही स्वतः बेतणार, तेही तुमच्याच कात्रीने, दुसरी कुठलीही कात्री तिच्या कापडाला लावणार नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. ते मी दोनदा वाचलं. लग्नाला सात आठवडे आहेत. दहा महिन्यांपूर्वी तुमच्या जुन्या धारवाल्यांकडे धार लावायला म्हणून जी कात्री तुम्ही माझ्या हाती पाठवलीत तिची खुशाली खाली सविस्तर लिहिते. धारवाल्यांच्या मोडलेल्या पायाची तुम्ही प्रत्येक पत्रात न विसरता चौकशी करता, हा तुमचा मोठेपणा. पाय आता पुष्कळ बरा आहे. प्लास्टर निघालं, पण प्लास्टर निघतंय न निघतंय तोच त्यांच्या मेव्हण्याचं ऑपरेशन निघालं, आणि ते तिकडे गेले आहेत. दुकान बंद. एकेका माणसाच्या मागे कशी साडेसाती लागते बघा. तेवढं सोडलं तर इकडे सगळं ठीक आहे.

आता नोकरीचं. मी दिवसभर नक्की करते काय असं तुम्ही विचारलंत, आणि त्याखाली मामींनी पेन्सिलीने लिहिलं आहे की ‘कॉम्प्युटरवर काम’ हे उत्तर चालणार नाही. तर ऐका. आमचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. चार महिन्यांपूर्वी तुम्ही ‘सहज आलो’ म्हणून आला होतात तेव्हा बघितलीच आहे. (जिना चढून आल्यावर तुम्ही ज्या खुर्चीत टेकलात तिचा हात परवा निखळला. तुमचा काही दोष नाही.) खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर जमीन थरथरते, जमिनीबरोबर टेबल आणि टेबलाबरोबर स्क्रीन, त्यामुळे एखादी रेघ सरळ आहे की वाकडी हे खालचं चाक फुगेपर्यंत ठरत नाही. खोलीत आम्ही तिघं: साहेब, मी आणि शंकासुर. शंकासुराला त्याच्या आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलेलं आहे, पण आम्ही केलेल्या कामात खोट काढणं हीच त्याची नोकरी असल्यामुळे ते नाव कोणाच्या तोंडी येत नाही. स्वतःच्या जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा तो दोनदा उघडून लावून बघतो आणि मग जेवतो. माणूस मनाने चांगला आहे.

आमच्याकडे आलेलं काम असं. लोक बसमध्ये ज्या वस्तू विसरून जातात त्या जमा करणारं एक कार्यालय आहे. त्यांच्यासाठी एक वेब ॲप, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी वही, नीट करून द्यायची. त्या वहीत दोन याद्या. एक सापडलेल्या वस्तूंची, दुसरी हरवलं म्हणून चौकशीला आलेल्या माणसांची. एका पानावर दहा नोंदी, नवी नोंद सगळ्यात वर, त्यामुळे जुनी वस्तू रोज थोडी थोडी मागे सरकते, आणि वर्षभरात कोणी न्यायला आलं नाही की लिलावात जाते. वर्षाच्या वस्तूंची पानं झाली आहेत एकशे त्रेचाळीस. (शोधायची सोय का नाही, असं तुम्ही विचाराल. शंकासुरानेही विचारलं होतं. ती पुढच्या टप्प्यात आहे.) तेव्हा यादीच्या तळाशी पानांचे जे आकडे येतात ते दाबत दाबत पुढे जायचं, हाच एक रस्ता. ही वही आमच्या आधी कोणी गृहस्थ अर्धवट शिवून गेले होते आणि कार्यालयात ती वर्षभर तशीच, टाचण्यांसकट, वापरात होती. माझ्या वाट्याला तेवढे तळाचे आकडे आले. साहेब म्हणाले, ते जरा बघण्यासारखे कर, गुरुवारी भांडारबाईंना दाखवायचेत. भांडारबाई म्हणजे त्या कार्यालयाच्या प्रमुख. तिथल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात. त्या ‘चालेल’ म्हणाल्या तर मी नोकरीत कायम, नाहीतर माझे उमेदवारीचे सहा महिने संपतच आले होते.

तुम्ही म्हणाल, आकडे ते काय, त्यात बघण्यासारखं काय करायचं? मलाही तसंच वाटलं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. मुळात ते आकडे निळे, खाली रेघ मारलेले, प्रत्येकाच्या पुढे एक काळा ठिपका, आणि सगळे एकाखाली एक. वर दहा वस्तू आणि त्यांच्याखाली उतरत गेलेले एकशे त्रेचाळीस आकडे, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी ठिपके काढले, रेघा काढल्या आणि आकड्यांना शेजारी शेजारी उभं केलं. उभे राहिले बिचारे, पण एकशे त्रेचाळीस जणांची एक रांग केली की ती दाराबाहेर जाणारच. ते स्क्रीनच्या उजव्या कडेतून बाहेर निघून गेले. साहेब सरकपट्टी ओढत ओढत त्यांच्यामागे गेले ते थेट शेवटच्या आकड्यापर्यंत, आणि तिथे पोचल्यावर त्यांना यादीच दिसेना. ते म्हणाले, आपण काय बघायला आलो होतो?

ही सजावट ज्या भाषेत लिहायची ती तुमच्याच धंद्यातली आहे, मामा. आकड्याच्या चारी बाजूंनी आत जागा सोडायची तिला इथे पॅडिंग म्हणतात, पण ती म्हणजे आपली माया. कडेने गोट लावता येतो, कोपरे गोल करता येतात, रंग तर हवा तो. मला वाटलं, अख्खं लहानपण मी तुमच्या दुकानात मशीनखाली बसून बॉबिनी भरल्या (म्हणून तर तुम्ही मला बॉबिन म्हणता), मला कोण काय शिकवणार? सढळ हाताने माया सोडली. प्रत्येक आकडा कसा ऐसपैस बसला, फक्त शेवटचा एक घसरून खालच्या ओळीत पडला. रुंदी मोजली, बरोबर. पुन्हा मोजली, बरोबर. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की मी दिलेल्या मापात माया धरलेलीच आहे असं मी समजत होते, आणि ब्राउझर ती वरून आणखी जोडत होता. आठवीत असताना मी उशीचा अभ्रा शिवला होता तेव्हा माया धरायचीच विसरले होते, आणि ती उशी निम्मी आत आणि निम्मी बाहेर अशी तुम्ही तीन वर्षं वापरलीत. कोणी विचारलं तर म्हणायचात, अशीच मऊ लागते.

मग साहेबांच्या डोक्यात आलं की सगळे आकडे दाखवायची गरजच काय. पहिले तीन, शेवटचे दोन आणि मध्ये तीन टिंबं. मला पटलं. शंकासुर मात्र स्क्रीनजवळ नाक नेऊन विचारायला लागला की यातलं पहिलं टिंब दाबलं तर कुठल्या पानावर जाणार, आणि तिसरं दाबलं तर त्याच्या पुढे का? मी म्हटलं, टिंबं दाबायची नसतात. तो म्हणाला, हे टिंबांना माहीत आहे, माणसांना कोण सांगणार? नंतर त्याने ते आपल्या वहीत टिपून ठेवलं. (त्याचं बरोबर होतं. पुढे भांडारबाईंच्या कचेरीत एका कारकुनाने तिन्ही टिंबं एकेक करून दाबली, आणि मग माऊस हलवून बघितला.)

आता माझा पराक्रम. आपण ज्या पानावर आहोत त्याचा आकडा इतरांहून वेगळा दिसायला हवा, म्हणजे माणसाला आपण कुठे आहोत ते कळतं. त्या एका आकड्यावर मी तीन दिवस घातले. गर्द जांभळा रंग, गोल कोपरे, आत पांढरा ठळक आकडा आणि खाली अशी अलगद सावली, की तो स्क्रीनवरून जरासा वर उचलल्यासारखा दिसावा. बाकीच्यांनी त्याच्यापुढे मिरवू नये म्हणून त्यांना फिकट करड्या रंगात ठेवलं, आणि ‘पुढे’ हा शब्द तर इतका पुसट केला की तो असल्याची मला एकटीलाच खात्री होती. साहेब बघून ‘वा’ म्हणाले. खालचे सायकलवाले हात पुसत वर आले आणि तेही ‘वा’ म्हणाले. शंकासुराने दोन दिवस खोट शोधली, ती मिळेना म्हणून त्याला जेवण गोड लागेना. आम्ही सगळे मिळून त्या आकड्याकडे नुसते बघत होतो. दाबला कोणीच नव्हता. चाचणीसाठी आमच्याकडे खऱ्या नोंदी नव्हत्या. एकशे त्रेचाळीस पानं भरून नुसतं ‘छत्री, काळी’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि एका काळ्या छत्रीकडून दुसरीकडे जायची हौस कोणाला असणार?

गुरुवारी आम्ही तिघं त्या कार्यालयात गेलो. तिसरा मजला, लिफ्टच्या दारावर ‘बंद’ अशी पाटी, आणि पाटीवर धूळ. आत एक लांबच लांब खोली आणि छतापर्यंत फळ्या. छत्र्या तर इतक्या की त्यांना स्वतंत्र कपाट. एका फळीवर हेल्मेटं, एका फळीवर जेवणाचे डबे (रिकामे आणि घासलेले, हे काम कोण करतं ते मी विचारलं नाही), आणि कोपऱ्यात कुबड्यांची एक जोडी. कुबड्या घेऊन बसमध्ये चढलेला माणूस त्या विसरून उतरला कसा, याचा विचार करत शंकासुर पंधरा मिनिटं त्यांच्यासमोर उभा होता. जुन्या वस्तू मागच्या खोलीत, कुलुपात. यादीत नंबर सापडला तरच ते कुलूप उघडायचं असा नियम. भांडारबाई या बदलीवर येऊन सहा महिने झाले आहेत, पण त्याआधीची सगळी वर्षं त्यांनी वह्यांची पानं उलटण्यात घालवली आहेत, आणि त्यांचा अंगठा त्याची साक्ष देतो. त्यांनी चष्मा चढवला, यादी बघितली, मान डोलावली आणि माझ्या त्या जांभळ्या एकावर नेऊन माऊस दाबला.

काहीच झालं नाही. होणार कसं? त्या पहिल्याच पानावर होत्या. त्यांनी पुन्हा दाबला. मग जरा जोर लावून दाबला. मग त्या म्हणाल्या, हे अडकलंय. एका कारकुनाने येऊन जांभळा दाबला, दुसऱ्याने दाबला, आणि मामा, खोटं वाटेल तुम्हाला, साहेबांनी स्वतः पुढे वाकून जांभळाच दाबला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, खरंच अडकलंय. करड्या आकड्यांकडे कोणी ढुंकून बघेना. शंकासुर भिंतीला टेकून वहीत लिहीत होता आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा समाधानी दिसत होता. मी घाईघाईने सांगायला गेले की तो आकडा दाबण्यासाठी नाही, आपण कुठे आहोत ते दाखवण्यासाठी आहे. भांडारबाईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

“मी कुठे बसलेय ते मला ठाऊक आहे, बाळ,” त्या म्हणाल्या. “मला जायचंय कुठे ते दाखव.”

माझा जांभळा तिथल्या तिथे फिका पडला. पण त्याहून मोठा दणका पुढे होता. मी विचारलं, मग आजवर तुम्ही पुढच्या पानांवर कशा जात होता? त्या म्हणाल्या, कुठली पुढची पानं? ते खाली ठिपके आणि निळे आकडे उतरत गेलेले असायचे ते? त्यांना तो छपाईतला काहीतरी गोंधळ वाटायचा. कारकुनांनाही. म्हणजे वर्षभर त्या कार्यालयात जो कोणी येत होता त्याला पहिल्या पानावरच्या दहा वस्तू बघून ‘यादीत नाही’ असं सांगितलं जात होतं, आणि चौदाशेवीस वस्तू कुलपात नंबर लावून आपापल्या माणसाची वाट बघत पडून होत्या. हे भांडारबाईंच्या लक्षात आलं तशा त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि किल्ल्यांचा जुडगा नुसताच चाचपत राहिल्या. मीही बोटांवर महिने मोजायला लागले (का, ते पुढे येईल).

मी साहेबांना म्हटलं, दोन तास द्या. छत्र्यांच्या कपाटाशेजारी एक स्टूल होतं, त्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि तीन दिवसांचं सगळं शिवणकाम उसवलं. तुम्ही एकदा एका हौशी गिऱ्हाइकाला म्हणाला होतात, की साहेब, खिसा सुंदर दिसायच्या आधी त्यात हात गेला पाहिजे. ते वाक्य मी दुकानात बसून कितीदा ऐकलं होतं, पण डोक्यात शिरायला तिसऱ्या मजल्यावर जावं लागलं. सगळं उलटं केलं. ज्या पानावर आहोत त्याचा आकडा साधा, सपाट, गप्प. दाबायचा मोह होऊ नये असा. जिथे जाता येतं ते आकडे गोट लावलेले, ठसठशीत, आणि भांडारबाईंचा अंगठा डोळ्यांसमोर ठेवून मापाने मोठे केलेले. ‘मागे’ आणि ‘पुढे’ दोन्ही बाजूंना रुंद, लांबून वाचता येतील असे. टिंबं काढून टाकली आणि तिथे ‘पान क्रमांक लिहा’ असा एक चौकोन ठेवला. जांभळा रंग तेवढा ‘पुढे’ला दिला, कारण तो फुकट घालवणं माझ्या जिवावर आलं.

भांडारबाईंनी ‘पुढे’ दाबलं. दुसरं पान उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाबलं, तिसरं उघडलं, आणि मामा, त्या बाई खुदकन हसल्या. मग जे सुरू झालं ते काय सांगू? कारकून आपापली टेबलं सोडून खुर्चीमागे गोळा झाले, एक जण वस्तूंची यादी वाचतोय, दुसरा दुसऱ्या स्क्रीनवर चौकशीची, आणि मेळ बसला की सगळे एकदम ‘आहे आहे’ करतात. दर गुरुवारी एक टोपीवाले आजोबा हरवलेला बुद्धिबळाचा डबा विचारायला यायचे आणि ‘यादीत नाही’ ऐकून जायचे. ते नेमके त्याच वेळी जिना चढून आले. डबा एकतिसाव्या पानावर निघाला. कुलूप उघडलं, डबा आला, आजोबांनी टेबलावर मोहरे मांडून मोजले, आणि हरवलेल्या एका प्याद्याच्या जागी लावलेलं शर्टाचं बटणही जागेवर आहे हे बघून त्यांनी टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला. लगेच घरी जायचं सोडून त्यांनी शंकासुरासमोर डाव मांडला (शंकासुर एकेका चालीला इतक्या शंका घेतो की तो डाव अजून चालू असेल). कुबड्यांच्या मालकाला फोन लावला तर ते गृहस्थ म्हणाले, आता नाही लागत, ज्याला लागतील त्याला द्या, आणि फोनवरच आम्हा सगळ्यांचे आभार मानले. असं करत करत मी एकटी पुढची पानं बघत होते, तेव्हा एकशे अठराव्या पानावर मला जरा घेरी आल्यासारखं झालं. भांडारबाईंनी पाणी दिलं. फार उकडत होतं, दुसरं काही नाही.

संध्याकाळी निघताना साहेबांनी भीत भीत विचारलं की आकडे कसे वाटले. भांडारबाईंनी तिन्ही याद्या मिटल्या (दोनच आहेत, त्यांनी एक आनंदाच्या भरात दोनदा मिटली) आणि म्हणाल्या, ‘चालेल.’ जिन्यातच साहेबांनी मला सांगितलं की उद्यापासून तू कायम. शंकासुराने विचारलं, म्हणजे नक्की किती दिवस? तर अशी तुमची भाची आता नोकरीला चिकटली आहे. मामींना म्हणावं, ‘कॉम्प्युटरवर काम’ म्हणजे लोकांना पुढच्या पानावर न्यायचं काम.

बाकी सगळं क्षेम. गुडघ्यांना शेक देत जा, आणि धाकटीला सांगा की माझा ब्लाउज तिच्या कपड्यांच्या आधी शिवून हवा असा हट्ट मी या खेपेला करणार नाही.

तुमची,
बॉबिन

ता.क. कात्रीचं लिहायचं राहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा सांगून टाकते. तुमची कात्री धारवाल्यांकडे नाही. ती त्यांच्याकडे कधी पोचलीच नाही. ज्या दिवशी तुम्ही दिलीत त्याच दिवशी मी ती बसमध्ये सीटवर ठेवून उतरले. तीन दिवस रडण्यात घालवले, चौथ्या दिवशी त्या कार्यालयात फोन केला, तर उत्तर आलं ‘यादीत नाही’. ती तोवर दुसऱ्या पानावर गेली होती, हे मला आत्ता कळलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मी धारवाल्यांचा पाय मोडला. मग त्याला प्लास्टर घातलं, मग त्यांच्या सासूबाईंना आजारी पाडलं, आणि तुम्ही प्रत्येक पत्रात इतक्या काळजीने विचारत गेलात की मला त्यांना बरं करणं जमेना. मेव्हण्याचं ऑपरेशनही खोटं आहे. त्यांना मेव्हणा आहे की नाही हेसुद्धा मला ठाऊक नाही. दहा महिने मला याची लाज वाटते आहे, मामा, आणि मी तुमची माफी मागते.

आणखी ता.क. आता मुख्य विनंती, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. एकशे अठराव्या पानावर, वरून सातवी नोंद: ‘कात्री, मोठी, लोखंडी, एक. जुन्या टॉवेलात बांधलेली. अंगठ्याच्या कडीला निळी चिंधी.’ मी भांडारबाईंच्या हातापाया पडले, पण त्या म्हणाल्या की मालकाने स्वतः यायचं, यादीत नाही अशी एक खूण सांगायची आणि सही करून न्यायची. भाची चालत नाही. नोकरीत कायम झालेली भाचीही चालत नाही. तर लवकर या. धार इथेच लावून घेऊ, आणि लग्नाचं कापड तुमच्याच कात्रीने कापलं जाईल.

शेवटचं ता.क. पत्र इथे संपवणार होते, पण आज ते जांभळं ‘पुढे’ चौकशीच्या यादीतही चालतंय ना, ते बघायला पुन्हा कार्यालयात गेले होते. चालतंय. दाबत दाबत गेले तर चार महिन्यांपूर्वीच्या एका पानावर तुमचं नाव, आणि आणखी मागे, दहा महिन्यांपूर्वीच्या पानावर, पुन्हा तुमचंच. ‘कात्री. मालक स्वतः आले. उत्तर: यादीत नाही.’ दोन्ही वेळा तेच. ‘सोबत: धार लावणारे एक स्नेही.’ दुसऱ्या खेपेची तारीख तीच आहे ज्या दिवशी तुम्ही ‘सहज आलो’ म्हणून माझ्याकडे आलात, त्या खुर्चीत बसलात, आणि मी धारवाल्यांच्या प्लास्टरचं इतकं वर्णन केलं की तुम्ही चहाचा कप खाली ठेवून ‘अरेरे, फार दुखत असेल’ म्हणालात. तुम्ही तेव्हा त्यांच्याचबरोबर येऊन गेला होतात. भांडारबाईंना तुम्ही दोघं चांगले आठवता. एक जण गुडघा धरून धापा टाकत होते, त्या म्हणाल्या, आणि दुसरे तिन्ही मजले दोन-दोन पायऱ्या टाकत आले होते. नोंदीखाली तुमच्या सांगण्यावरून एक शेराही आहे: ‘सापडल्यास थेट मालकास कळवावे. भाचीस विचारू नये, ती मनाला लावून घेते.’ आणि खुणेच्या रकान्यात लिहिलं आहे की निळ्या चिंधीखाली लहान मुलीच्या हाताने ‘बॉबिन’ असं खिळ्याने कोरलेलं आहे. हे मी कधी कोरलं ते मला आठवत नाही, मामा. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती चिंधी तुमचा अंगठा दुखतो म्हणून आहे. याहून जास्त आज लिहवत नाही. येताना धारवाल्यांना बरोबर आणा. लिफ्ट अजून बंद आहे. जिन्यात ते तुम्हाला हात देतील.